नेऊन आणणं

धाकटा भाऊ तिच्या लॅबमध्ये कधीच आला नव्हता, म्हणून जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटं तो काचेच्या दारापलीकडे दप्तर पोटाशी धरून उभा दिसला तेव्हा घरी कोणाला तरी काहीतरी झालं, असंच तिला वाटलं. तिच्या हातात खालच्या जबड्याची कवळी होती, म्हणजे अजून कवळी नव्हे, गुलाबी मेणात एकेक दात रोवून केलेला कच्चा आकार. मेण ऊन असेपर्यंत हात थांबवता येत नाही. थांबला की दात कलतो, आणि मग कोणातरी म्हाताऱ्याला उरलेलं आयुष्य एकाच बाजूने चावावं लागतं. तिने दोन दाढा बसवून घेतल्या, दिवा मालवला, हात पुसले आणि बाहेर गेली. घरी सगळे ठीक होते. बाळताई, जरा जिन्यात चल ना, दोन मिनिटं, तो म्हणाला. हे नाव त्यानेच बोबडं बोलायच्या वयात ठेवलेलं. मोठी ती ताई, आणि मधली ही, म्हणून बाळताई. आता तो एकोणीस वर्षांचा होता, तिच्याहून वीतभर उंच, तरी जिन्यात तो दोन पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला आणि लहानपणी शाळेतली चूक सांगताना बघायचा तसा खालून वर बघायला लागला.

कॉलेजात एक फॉर्म वाटला होता. नाव घालायचं नाही, घरी नेऊन भरला तरी चालेल, उद्या परत द्यायचा. तरुण मुलामुलींना काय वाटतं ते जमा करत होते, आणि विषय होता मुलींची सुंता. बावीस प्रश्न होते. त्याने सगळे पंधरा मिनिटांत भरून टाकले, कारण ही गोष्ट कुठेतरी दुसरीकडची, टीव्हीवर एखाद्या रात्री दिसते आणि आपण चॅनेल बदलतो तसली, असं तो धरून चालला होता. नववा प्रश्न होता की तुमच्या घरातल्या कोणा स्त्रीची झाली आहे का. पुढे तीन चौकोन. हो, नाही, माहीत नाही. त्याने 'नाही'वर खूण केली. 'माहीत नाही'चा विचारसुद्धा त्याच्या मनात आला नव्हता. शेजारी बसणारी मुलगी, जिचा उल्लेख तो घरी 'ती वही देणारी' असा जरा जास्तच वेळा करायचा, तिने त्याच्या कागदाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, घरी विचारलंस का? एवढंच. त्या एवढ्यावर तो दोन बस बदलून इथे आला होता.

"आपल्यात नाही ना असलं काही?" त्याने विचारलं.

वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवली. तिच्या नखांत मेण होतं, ती ते उकरत राहिली. नाही म्हणणं किती सोपं होतं. तो ऐकून हसला असता, दप्तर पाठीवर टाकून गेला असता.

"खोड ते," ती म्हणाली.

"कोणाचं?"

"आईचं. ताईचं. माझं."

तो पायरीवर बसला. त्याच्या डोक्यावरचा भोवरा तिला वरून दिसला; आई तेल लावताना नेहमी म्हणायची की याला दोन भोवरे आहेत, हा दोन लग्नं करील. तिला त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण हाताला प्लास्टरची पांढरी धूळ होती. काहीतरी खाऊन घे, एवढं म्हणून ती आत गेली.

आत गेल्यावर दिवा लावला, मेण पुन्हा तापवलं, आणि उरलेल्या दातांकडे बघत बसली. घरात या गोष्टीला नावच नव्हतं. होतं ते एक साधं क्रियापद. हिला नेऊन आणलं का? धाकटीला पुढच्या सुट्टीत नेऊन आणू. जसं लस टोचायला नेऊन आणतात, फोटो काढायला नेऊन आणतात, तसं. कुठे नेलं आणि काय करून आणलं हे वाक्यात नसायचं, त्यामुळे ते पुरुषांसमोर बोलता यायचं, पाहुण्यांसमोर बोलता यायचं, आणि ज्या मुलीबद्दल बोलत आहेत तिच्यासमोरही. तिला नेलं तेव्हा ती सात वर्षांची होती. नवे सँडल घ्यायला जाऊ, आई म्हणाली होती, आणि सँडल खरंच घेतले होते, निळे, बक्कल असलेले. खोटं बोलणं आईला कधी धड जमलंच नाही. मग एका इमारतीच्या मागच्या बाजूची खोली. नुकती पुसलेली, अजून ओली फरशी आणि तिच्यावर फिनेलचा वास. भिंतीवर एका औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर, त्यावर मांजराचं पिल्लू. ती त्या पिल्लाकडे बघत राहिली. एका बाईने सँडल काढायला सांगितले. दुसरी एक लठ्ठ बाई होती, जिने तिचे पाय धरले. तिचं पोट मोठं आणि घट्ट होतं, चेंडूसारखं, आणि हिची टाच त्या पोटावर आपटली होती. चेहरा नव्हता त्या बाईला, तिच्या आठवणीत तरी. आई दाराबाहेर होती. हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण तिने आईला हाक मारली होती आणि आई आली नव्हती, म्हणजे ती बाहेरच असणार, दार जाड असणार, ऐकू गेलं नसणार. एकोणीस वर्षं तिने ते दार आठवणीत बंद ठेवलं होतं आणि आईला बाहेर.

पण त्या दुपारी तिचं काम अडवत होतं ते हे जुनं नव्हतंच. ते सोमवारचं होतं. सोमवारी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना आई म्हणाली होती, शनिवारी सुट्टी घे, मी आणि ताई भिंगरीला जरा नेऊन आणतो. घरी आल्यावर तिच्याजवळ कोणीतरी हवं, तुझं ऐकते ती. भिंगरी म्हणजे ताईची मुलगी. एका जागी पाय ठरत नाही म्हणून भिंगरी. गेल्याच महिन्यात सात पूर्ण झालेली. आणि हिने काय केलं होतं? उशीचा अभ्रा झटकून दोरीवर टाकला, चिमटे लावले आणि विचारलं, अर्धा दिवस चालेल का? त्याच दुपारी तिने सुट्टीचा अर्जही दिला होता. कारण: घरगुती काम. सोमवार, मंगळवार, बुधवार ती नीट जेवली होती, नीट झोपली होती, तीन कवळ्या पूर्ण केल्या होत्या. आज गुरुवार होता. धाकटा त्याच्या फॉर्मात चुकला होता, पण न कळून. तिला सगळं कळत होतं आणि तिने अर्धा दिवस मागितला होता.

साडेपाचला ती बाहेर पडली तर तो समोरच्या फुटपाथवर उभा. बसने न जाता ते चालत निघाले. दुकानांचे दिवे लागत होते, एक माणूस लांब काठीने शटर वर ढकलत होता, बुटांच्या दुकानाबाहेर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढीग होता. चालताना बोलणं सोपं जातं, एकमेकांकडे बघावं लागत नाही. तो वर्गातलं सांगत होता. फॉर्म वाटून झाल्यावर बाईंनी विचारलं होतं, कोणाला काही बोलायचंय का. मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला की हा बायकांचा मामला आहे, आम्हाला कशाला विचारता, आणि पाचसहा जण हसले. एक मुलगी उठून म्हणाली, माझी झालीय, मला काही झालेलं नाही, उगाच बाऊ करतात, मी माझ्या मुलीची करणार. ती खूप ठाम बोलली, पण बसताना तिचा हात बाकाच्या कडेला इतका घट्ट होता की बोटं पांढरी पडली होती, हे त्याने बघितलं. आणि वही देणारी म्हणाली होती की तिच्या आईने तिला नेलं नाही, आणि त्यावरून तिची आजी चार वर्षं त्यांच्या घरी आली नाही. आता येते. एवढंच सांगून ती बसली. धाकट्याला सगळ्यात जास्त छळत होतं ते त्याचं हसणं. "मीपण हसलो गं," तो म्हणाला. "त्या मागच्याबरोबर. आधी."

ती त्याला काय सांगणार होती? पंधरा वर्षांची असताना तिला कोणी असा फॉर्म दिला असता, तर तिनेही बाकाची कड धरून सांगितलं असतं, हे चालू राहावं. शाळेतली एक मैत्रीण न नेलेली होती, आणि तिच्याबद्दल बाकीच्यांमध्ये ती किती आढ्यतेने कुजबुजली होती. अस्वच्छ, असा शब्द वापरला होता तिने. मोठ्या बायकांच्या तोंडचा शब्द आपल्या तोंडात किती भारदस्त वाटतो. शिवाय तो शब्द वापरला की आपल्यावर जे झालं त्याला काहीतरी अर्थ यायचा; नाहीतर ते नुसतंच झालेलं उरत होतं. पुढे केव्हातरी, नेमकं केव्हा ते सांगता येणार नाही, तो शब्द आपोआप गळून गेला. त्याच्या जागी दुसरा आला नाही. लग्नाची बोलणी दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा तिनेच मोडली. घरी म्हणाले, हिला आपल्या कामाचंच फार. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं.

"बाबांना माहीत आहे?" धाकट्याने विचारलं. ती म्हणाली की बाबांना घरातलं काहीच माहीत नसतं, ते त्यांनी जपलेलं आहे. मग तो म्हणाला की मला आपल्या घरात पाहुणा असल्यासारखं वाटतंय. आणि वळणावर आल्यावर, रस्ता ओलांडायच्या आधी, त्याच्या एकदम लक्षात आलं असावं, तो थांबला आणि म्हणाला, "भिंगरी सात वर्षांची झाली." ती हो म्हणाली. "शनिवारी," ती म्हणाली. सिग्नल हिरवा झाला, माणसं त्यांच्या अंगावरून पुढे गेली, पुन्हा लाल झाला, तरी दोघं तिथेच उभे होते.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली तर ताई आणि भिंगरी आलेल्या होत्या. भिंगरीने दारातच मिठी मारली आणि तोंड उघडून दाखवलं. वरचे दोन दात पडले होते. मला दात करून दे, तू करतेस ना, ती म्हणाली, पण सोन्याचे नको, खरे. मग जबडा मोजायला म्हणून तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली, आ वासून, डोळे मिटून, जगातलं कोणीही आपल्याला काही करणार नाही अशा खात्रीने. तिने बोट घालून हिरडी चाचपली. नव्या दाताची करवती कड लागत होती. हे आतूनच येताहेत, ती म्हणाली, मी काही करायचं कारण नाही. भिंगरीला ते पटलं नाही. ती उठून एका पायावर लंगडी घालत आतल्या खोलीत गेली. तिच्या पावलांचे धप धप आवाज ऐकत ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा आई फ्रीजसमोर उभी राहून बर्फाचे ट्रे भरत होती. एक भरून झाला होता, दुसऱ्यात नळाची बारीक धार धरली होती. ओट्यावर जुन्या मऊ चादरीच्या घड्या. ताई टेबलाशी बसून शेंगा सोलत होती.

"आई, नको नेऊस तिला."

आईने नळ बंद केला. ती चिडेल असं वाटलं होतं, पण नाही. तिने ट्रे खाली ठेवला, हात पुसले, आणि समजूत घालायच्या आवाजात बोलायला लागली, जशी ती तापात औषध देताना बोलायची. की हे सगळ्यांचं होतं. तिचं झालं, तिच्या आईचं झालं. की नाही केलं तर उद्या मुलगी मोठी झाल्यावर लोक विचारतील, मुलाकडचे विचारतील, तेव्हा ती काय सांगेल, आणि मग मलाच बोल लावेल. मी तुमचं काही वाईट केलं का, असंही ती म्हणाली, पण ते विचारल्यावर ती उत्तरासाठी थांबली नाही. ताई शेंगा सोलत राहिली. ताईने आजवर कायम सांगितलेलं होतं की मला त्यातलं काही आठवत नाही. भिंगरीच्या वेळी मात्र दीड दिवस कळा देऊन ताई फाटली होती, जखम भरायला तीन महिने लागले, आणि डॉक्टरबाईंनी जुन्या व्रणाकडे बघून विचारलं होतं, हे कोणी केलं? ताई तेव्हाही म्हणाली, आठवत नाही.

धाकटा केव्हा दारात येऊन उभा राहिला ते कोणालाच कळलं नव्हतं. आईला तो दिसला आणि तिने घाईने चादरीच्या घड्यांवर टॉवेल टाकला. तू बाहेर जा, ती म्हणाली, इथे आमचं बायकांचं बोलणं चाललंय.

"तू म्हणतेस मुलगे विचारतात," तो म्हणाला. "आई, मी मुलगाच आहे. मला विचार ना. मला नको आहे. माझ्या वर्गात निम्म्यांना नको आहे, नुसतं कोणी बोलत नाही."

आई त्याच्याकडे बघत राहिली. तिने त्याला मुलगा म्हणून, म्हणजे ज्या मुलांची ती आयुष्यभर भीती घालत आली त्यांच्यातला एक म्हणून, कधी बघितलेलंच नसावं. हातपाय धुऊन घे, ती अखेर म्हणाली, पण तिच्या शब्दांत जोर नव्हता, आणि तो हलला नाही.

मग तिने, मधलीने, जे कधीच बोलायचं नव्हतं ते बोलून टाकलं. आवाज न चढवता, जवळजवळ लाजत. "मी तुला हाक मारली होती. तू दाराबाहेर होतीस, तुला ऐकू गेलं नसेल. मला तेवढंच सांगायचं होतं, की मी हाक मारली होती."

आई स्टुलावर बसली. स्टूल तिथे आहे की नाही हे न बघताच बसली.

"मी बाहेर नव्हते गं," ती म्हणाली. "आत होते. तुझे पाय मीच धरले होते."

नळाचा एक थेंब पडला, मग दुसरा. आई ओट्याच्या कडेकडे बघून बोलत होती. त्या बाईकडे एक मदतनीस होती, तिचा हात जड आहे असं ऐकलं होतं. पोरींच्या पायांवर वळ उठतात म्हणे. म्हणून मी म्हटलं, नको, मीच धरते. परक्या हातापेक्षा बरं. सातवा महिना होता मला, हा पोटात होता. तू टाच मारलीस ती पोटावर बसली, आणि हा आत एकदम वळला. मी घाबरले, पण सोडलं नाही. सोडलं असतं तर तू हलली असतीस, आणि भलतीकडे लागलं असतं. तू हाक मारत होतीस ती मला ऐकू येत होती. मी तुझ्या तोंडावर वाकून बघायला हवं होतं, पण बघितलं नाही. मग त्याच सुरात आई म्हणाली, ताईलाही तेच सांगितलंय, उद्या तूच धर म्हणून.

ते घट्ट, चेंडूसारखं पोट. तिची टाच ज्याच्यावर आपटली होती. ती लठ्ठ बाई. तिच्या आठवणीतल्या त्या बाईला इतक्या वर्षांनी चेहरा येत होता, आणि तो समोर स्टुलावर होता, दमलेला, हनुवटीखाली कातडी सैल झालेला. तिला राग यायला हवा होता. तिने वाटही बघितली त्याची. आला नाही असं नाही, पण तो एकटा आला नाही. त्याच्याबरोबर दुसरं काहीतरी आलं. त्या खोलीत ती एकटी नव्हती तर. तिला सोडून कोणी बाहेर उभं राहिलेलं नव्हतं. जिने धरून ठेवलं तीच तिची होती, आणि याचं सुख मानायचं की याहून भयंकर काही नाही असं म्हणायचं, हे ठरवता येत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी तिच्या अंगातून जात होतं. धाकटा दाराच्या चौकटीला टेकला होता आणि आपल्याच तळहातांकडे बघत होता. ताईने शेंगांचं ताट बाजूला सारलं. तिने आपले दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले, आणि बोलली ती अगदी सपाट आवाजात. "मला आठवतं," ताई म्हणाली. "माझेपण तूच धरले होतेस. मला सगळं आठवतं." त्यानंतर त्या संध्याकाळी कोणी काही ठरवलं नाही. जेवणं झाली. भिंगरीने दात नसल्यामुळे वाटाणा कसा फुर्रकन उडतो ते तीनदा करून दाखवलं, आणि तिसऱ्या वेळी तो बाबांच्या ताटात पडला तेव्हा सगळे हसले. आईसुद्धा.

शनिवारी सकाळी तिला जाग आली तेव्हा आईची आंघोळ झाली होती. आईने बाहेर जायचे कपडे घातले होते, केस बांधले होते, पिशवी दाराशी ठेवली होती. ताई भिंगरीची वेणी घालत बसली होती. नेहमीपेक्षा खूपच हळू घालत होती, एकदा घालून झाली ती सोडून परत घालायला घेतली. आई पिशवीपाशी उभी राहून बघत होती. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. भिंगरी कंटाळून विचारायला लागली, आपण कुठे जाणार आहोत.

ताईने वेणीला रबर लावलं आणि भिंगरीला मागून दोन्ही हातांनी पोटाशी ओढून घेतलं. "मला नाही जमणार, आई," ती म्हणाली. "मी नाही धरणार. आणि दुसऱ्या कोणाला धरू देणार नाही."

आई पिशवीपाशी तशीच उभी होती, आणि ती पिशवी उचलेल, आता उचलेल असं वाटत राहिलं. मग ती आत गेली. फोन लावल्याचा आवाज आला. तिचं बोलणं पातळ दारातून सगळं ऐकू येत होतं. आम्ही येत नाही आज, आई म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. नाही, ताप वगैरे काही नाही. पुन्हा काहीतरी विचारलं गेलं, लांबलचक. तिथे हो म्हणून टाकणं सोपं होतं, ताप आहे, पुढच्या महिन्यात बघू, कोणाला काही वाटलं नसतं.

"नाही," आईचा आवाज आला. "पुढच्या महिन्यातही नाही. मुलगी ठणठणीत आहे. तिला आम्ही आणणार नाही."

मधली आत गेली तेव्हा आई पलंगाच्या कडेला बसली होती, फोन मांडीवर पालथा. बाहेर भिंगरी सुटली होती. या खोलीतून त्या खोलीत तिचे पाय वाजत होते आणि धाकटा तिच्यामागे पळत होता. मधली आईच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा न लावता, मध्ये एक हाताचं अंतर ठेवून. आईने तिच्याकडे वळून बघितलं. वाकून, नीट, चेहऱ्यात बघितलं.

"तुला अजून त्रास होतो का गं?" आईने विचारलं.

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं, आणि तिला वाटलं होतं की विचारलं तर आपण रडू. पण रडू आलं नाही. ती जरा विचार करत बसली, कारण उत्तर नीट द्यायला हवं होतं, आणि मग सुरुवातीपासून, हळूहळू, सांगायला लागली. आईचे हात रिकामे होते आणि ती ऐकत होती.